पोटावरचं बटण

गावी मळणीच्या दिवशी वहिनी साडीवर माझा ऑफिसचा जुना शर्ट चढवते, पदर आत खोचते आणि गळ्यापर्यंत बटणं लावते. तो शर्ट माझ्यापेक्षा तिलाच शोभतो, हे मी केव्हाच मान्य केलंय.

परवा सोयाबीनच्या मळणीला ट्रॅक्टर सुरू झाला आणि वहिनीने हात वर केला.

"थांबा. पोटावरचं बटण नाहीये."

ते कोणाच्या पोटाने उडवलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"एका बटणासाठी खोळंबा कशाला, वहिनी?"

"भावजी, शेजारच्या शांताचा पदर मळणीच्या मशीनने असाच ओढला. साडी फाटली म्हणून वाचली."

मी सुईदोरा मागवला. ऑफिसात मी पोटावर फाईल धरून वर्षभर निभावलं होतं. तिथे त्या फटीतून फार तर बनियन दिसायचं. इथे पदर बाहेर येणार होता.

मी लावलेलं बटण वहिनीने ओढून पाहिलं. ते तिच्या हातातच आलं.

"आणा इकडे," म्हणत ती स्वतः शिवायला बसली. ट्रॅक्टरवाला माझ्याकडे बघून हसला, पण इंजिन त्याने बंद केलं.