खानाच्या चांदीचा टाक

हे गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कपाटातली काड्यापेटी उघडली. आत कापसात ह्यांचं जिवापाड जपलेलं नाणं होतं. इराणवर राज्य केलेल्या कुणा मंगोल खानाचं, चांदीचं, सातशे वर्षांपूर्वीचं. तहसीलातल्या ह्या कारकुनानं ते हैदराबादच्या एका नाणेवाल्याकडून आणलं, तेव्हा नातेवाईक पोट धरून हसले होते.

जेवण झालं की हे भिंग घेऊन बसायचे आणि मला ओढून दाखवायचे. एका बाजूला अरबी कलमा, दुसऱ्या बाजूला उभ्या ओळींतली मंगोल अक्षरं. "आज्या-पणज्यांनी शहरं जाळली अन् ह्यानं टांकसाळ घातली बघ," म्हणायचे. नवा खान आला की आधीच्यांची नाणी वितळवून आपल्या नावाची पाडायचा, हे सांगताना तर फारच रंगायचे. मला त्या खानाशी काडीचं घेणं नव्हतं. पण ह्यांच्या मागं मला ह्या घरातलं तेवढंच हवं होतं.

आमच्याकडं गेलेल्या माणसाचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. टाक म्हणजे चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली आकृती. चांदी त्याचीच असावी, हा आत्यांचा हट्ट. ह्यांनी उभ्या जन्मात चांदीचा करदोटासुद्धा घातला नाही. मग आत्या मला न सांगता तामलवाडीहून एसटीनं तुळजापूरला गेल्या आणि नाणं सोनाराच्या हवाली करून आल्या.

टाक घरी आला तेव्हा मला कळलं. घोड्यावर बसलेला मिशाळ माणूस. हे जन्मभर सायकलवर, तेही बिनमिशीचे.

"आत्या, तसलं नाणं परत मिळत न्हाय! मला इचारायचं तरी!" मी ओरडलेच.

"त्याचीच चांदी हुती न्हवं?" त्या पदरानं टाक पुसत राहिल्या. "एवढुशा नाण्यात टाक कुठं व्हतोय? सोनार म्हनला, कमी पडतंय. मग तुझी जोडवी घातली त्यात. लई भित्रं हुतं माझं लेकरू. एकटं झोपायचं न्हाय."

ह्यांना नेलं त्या दिवशी बायकांनी माझ्या बोटांतून ओढून काढलेली जोडवी. त्यांचं पुढं काय झालं, हे मी कुणाला विचारलंही नव्हतं.

त्या नाण्याचा राग अजून तसाच आहे, जाईल असं वाटत नाही. पण त्या दिवशी टाक मी त्यांच्या हातातून घेतला, आणि आत्या देव्हाऱ्यात ठेवायला मागत राहिल्या तरी मला तो परत देववेना.