सातव्या टोपलीचं वळण

भिंगवाल्यांचं वय अठ्ठावन्न, पण त्यांची थोरली बहीण त्यांना अजून 'बाळ्या'च म्हणते, तेही भर दुकानात. गिऱ्हाईक नाकावर नवी फ्रेम चढवून आरशात स्वतःची ओळख पटवून घेत असतं, तेवढ्यात काउंटरमागून ताईचा आवाज येतो, "बाळ्या, यांना उजव्या कानामागे टोचतंय बघ." मग बाळ्या मुकाट्यानं पुढे होतो, काडी गरम करतो आणि वाकवून देतो. चष्म्याची काच दोन बोटांत धरली की तिची जाडी यंत्राशिवाय सांगणारा हा माणूस ताईपुढे मात्र काचेहून नाजूक.

ताईनं लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "वेळ कुठे होता?" चौतीस वर्षं ती काउंटरवर बसली. रोज सकाळी शटर वर गेलं की पहिलं काम ठरलेलं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता ओल्या फडक्यानं पुसायचा, वरच्या भल्यामोठ्या अक्षरापासून तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत.

भिंगवाल्यांना एकच व्यसन होतं, आणि ते म्हणजे डिस्क गोल्फ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर थाळीएवढी प्लॅस्टिकची डिस्क फेकायची आणि लांबवरच्या खांबावर साखळ्या लटकवलेल्या टोपलीत पोचवायची, जितक्या कमी फेकींत जमेल तितकं बरं. त्यांच्या बायकोनं या खेळाचं वर्णन आणखी थोडक्यात केलं होतं. "घरातली जेवलेली थाळी उचला म्हटलं की यांची कंबर धरते. तिकडे दुपारभर थाळ्या फेकताना मात्र ठणठणीत."

बंद पडलेल्या पाणीपुरवठ्याच्या केंद्रामागे नऊ टोपल्यांचं मैदान होतं. त्यातली सातवी टोपली अवघड. वाट सरळ जाते आणि दाट झाडीच्या टोकाशी एकदम डावीकडे वळते. फेकणाऱ्याला डिस्क वळताना दिसते, पण पडताना दिसत नाही. म्हणून वळणावर कुणीतरी उभं राहायचं आणि डिस्क कुठे पडली ते ओरडून सांगायचं. भिंगवाल्यांच्या सातव्या टोपलीला तिथे ताई असायची. मंगळवारी दुकान बंद, त्यामुळे दर मंगळवारी दुपारी डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गडद रंगाचा चष्मा आणि हातात पाण्याची बाटली घेऊन ती एखाद्या रहदारी पोलिसाच्या ऐटीत उभी राही. "आली! खडकाच्या अलीकडे, चार पावलं!" अकरा वर्षांत भिंगवाल्यांची एकही डिस्क तिथे हरवली नव्हती.

डिस्क दिसली की ती फेकायची आणि फेकली की वहीत उतरवायची, अशी भिंगवाल्यांची सवय. वजन, काठाची जाडी, किती सरळ गेली, शेवटी कुठे कलली, सगळं बारीक अक्षरात. त्या वहीची कीर्ती खेळाच्या सामानाच्या दुकानदारामार्फत एका नव्या कंपनीपर्यंत गेली आणि एक दिवस खोकं आलं. आत चार डिस्क आणि चाचणीचा छापील अर्ज. 'वापरून पाहा, मोकळेपणानं कळवा.'

पहिल्या डिस्कचा काठ लाटेसारखा वरखाली होता. दुसरी इतकी मऊ की घडी घालून खिशात जावी. तिसरीच्या मधोमध बोट जाईल एवढं भोक. भिंगवाले म्हणाले, "कुणीतरी भजी तळता तळता काढलेली दिसते."

चौथीला हात लावला आणि त्यांनी तो मागे घेतला. राखेच्या रंगाची, अंगावर बारीक खवले आणि काठाला घुबडाच्या पिसासारखी मऊ झालर. माहितीपत्रकात लिहिलं होतं की घुबडाच्या पंखांना आवाज नसतो आणि आमच्या या डिस्कलाही नाही. बाकी तिघींना नावं होती, हिला नुसता आकडा. भिंगवाल्यांनी तिच्या काठावरून अंगठा फिरवला. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या अंगठ्याला जाडी सांगता आली नाही.

मंगळवारची दुपार होती. वारा पडलेला, पान हलत नव्हतं. पहिल्या तीन डिस्क सहा टोपल्यांत आटोपल्या. लाटेची हेलपाटली, मऊ लवकर बसली आणि भोकाची शीळ घालत गेली. सातव्या टोपलीला त्यांनी चौथी हातात घेतली, दोन पावलं धावले आणि सोडली.

कुठलीही डिस्क जाताना भर्रर्र करते आणि पडताना थप्प करते. ही गेली, आणि काहीच झालं नाही. आपण फेकली की हातातच आहे, म्हणून भिंगवाल्यांनी खरोखर हाताकडे बघितलं. राखाडी ठिपका झाडीच्या टोकाशी डावीकडे कलला आणि मिटला.

"आली!" ताई ओरडली. "पडक्या बाकाखाली!"

ते जाऊन बघतात तर डिस्क बाकाखाली होती. त्यांनी ती पुन्हा फेकली. "आली! दोन झुडपांच्या मध्ये!" होती. तिसऱ्यांदा फेकली. "आली! तुझ्या नेहमीच्या खड्ड्यात, गाढवा!" तिथेही होती.

भिंगवाले खूश होऊन परत निघाले, तेव्हा मैदानावरचा गवत कापणारा माणूस यंत्र बंद करून घाम पुसत होता. "काय काका, आज तिघं आलात?"

"तिघं? दोघंच आहोत."

"मग ताईंच्या शेजारी ते उंचसे कोण? मघापासून उभेत."

भिंगवाल्यांनी वळणाकडे बघितलं. ताई होती आणि तिची टोपी होती. "उद्या दुकानात ये," ते म्हणाले. "डोळे तपासून देतो. फुकट."

दुसऱ्या दिवशी तो आला. आयुष्यात कधी न पाहिलेला तक्ता त्यानं वरपासून खालपर्यंत वाचला आणि तळाशी छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. सिक्स बाय सिक्स, म्हणजे नजर अगदी चोख. भिंगवाल्यांनी त्याचं अभिनंदन केलं, पण त्या रात्री भात थोडा कमी खाल्ला.

पुढच्या मंगळवारी त्यांनी सातव्या टोपलीला डिस्क फेकलीच नाही. ती काखेत धरून झाडीच्या कडेनं दबक्या पावलांनी वळणावर गेले आणि ताईपासून दहा पावलांवर, उघड्यावर, तिच्या अगदी समोर उभे राहिले.

ताई त्यांच्याकडेच बघत होती. त्यांच्या छातीतून पलीकडचं काहीतरी दिसत असावं तशी. मग ती जरा डावीकडे मान वळवून, शेजारच्याशी बोलावं इतक्या सहज म्हणाली, "आज बाळ्या उशीर करतोय, नाही?"

शेजारी कोणी नव्हतं.

थोडं थांबून ती हसली. "हो, लहानपणापासून तसाच."

"ताई," ते कसेबसे म्हणाले. ती दचकली. हातातली बाटली पडली आणि ती उचलायला वाकल्यावर तिचा हात बाटलीच्या वीतभर अलीकडे गवत चाचपत राहिला.

भिंगवाल्यांनी बाटली उचलून तिच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी, ताईनं तक्ता पुसून झाल्यावर आणि ती आत पाणी भरायला गेल्यावर, भिंगवाल्यांनी तो खिळ्यावरून काढला. त्या जागी औषधांच्या दुकानाचं कॅलेंडर लटकवलं. त्यावर एक मोठं मांजर होतं.

"ताई, बस. डोळे तपासायचे राहिलेत या वर्षीचे."

"माझे काय तपासायचेत? खणखणीत आहेत." पण ती बसली. एक डोळा झाकला आणि मांजराकडे बघत घडाघडा वाचत सुटली. "क. च, ट. म, प, स... न, र, ल, ग, व, म." शेवटची ओळसुद्धा एकही चूक न करता. "झालं? सिक्स बाय सिक्स लिही."

भिंगवाल्यांनी काहीच लिहिलं नाही. साऱ्या गावाच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघणारा हा माणूस स्वतःच्या बहिणीला दरवर्षी तोच तक्ता म्हणायला लावत होता, जो तिनं चौतीस वर्षं रोज पुसला होता. ते उठले, हल्ली दुकानातही न उतरणारा तिचा गडद चष्मा काढला आणि डोळ्यांत बॅटरी मारली. दोन्ही बाहुल्यांवर दुधाची साय धरली होती.

"कधीपासून?"

ताईनं चाचपत चष्मा परत घेतला. मग म्हणाली, "दोन वर्षं झाली असतील. आवाजावरून भागत होतं रे. भर्रर्र आणि थप्प. दिशा कळायची."

"या डिस्कला आवाज नाही."

"नाही ना."

"मग?"

"तो सांगतो. उंच आहे, अंगात राखाडी कोट. त्याचा चेहरा काही दिसत नाही, पण सांगतो बरोबर." आणि मग घाईनं, जणू मुद्दा तो नव्हताच, ती म्हणाली, "बाळ्या, मला तिथून काढू नकोस. घरात मी नणंद, दुकानात मी काउंटर. एवढी एकच जागा आहे रे, जिथे माझ्यावाचून कुणाचं अडतं."

"एखादी डिस्क तोंडावर बसेल, ताई."

"तो सांगतो ना, वाक म्हणून."

डोळ्यांचे डॉक्टर शांत आणि समजूतदार होते. मोतीबिंदू पिकलाय, आधी एक डोळा करू, मग दुसरा. भिंगवाल्यांनी त्यांना बाजूला घेऊन राखाडी कोटाचं विचारलं. डॉक्टर हसले. नजर जायला लागली की काहींना नसलेली माणसं दिसतात, वेड नव्हे ते. ऑपरेशननंतर बहुधा जातात.

"बोलतात का ती?"

"छे. बोलत कधीच नाहीत."

भिंगवाल्यांनी ही गोष्ट ताईला सांगितली नाही.

दोन्ही ऑपरेशनं सुरळीत झाली. पट्टी निघाल्यावर ताई घरभर फिरली. "वहिनी, तू एवढी पिकलीस कधी? आणि हे जाळं? माझ्या देखत?" वहिनी म्हणाली, "तुम्ही आंधळ्या होतात तेच बरं होतं, ताई." दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. डॉक्टरांचं थेंबाचं औषध मात्र त्या पाण्यात वाहून गेलं, म्हणून दोघींना भिंगवाल्यांची बोलणी खावी लागली. दुकानात आकड्यांचा नवा तक्ता आला. ताईनं तो अडखळत, शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचला. भिंगवाल्यांना इतका आनंद तिच्या सिक्स बाय सिक्सनं कधी झाला नव्हता.

परवानगी मिळाल्यावर पहिल्याच मंगळवारी ती पुन्हा वळणावर उभी राहिली. दुपार तशीच होती, वारा नसलेली. भिंगवाल्यांनी चौथी डिस्क सोडली. राखाडी ठिपका कलला आणि मिटला.

ते कान देऊन थांबले. काहीच नाही. गवत कापणाऱ्याचं यंत्रही बंद होतं. पाच आकडे मोजले, दहा मोजले. आपण तिचे डोळे परत आणले आणि तिची जागा काढून घेतली की काय, असं त्यांच्या मनात आलं. वीस.

"आली!" ताई ओरडली. "बाकाच्या पलीकडे, बाभळीच्या बुंध्याला टेकून!"

ते जवळजवळ धावतच गेले. डिस्क बाभळीला टेकून उभी होती, कुणी हातानं ठेवावी तशी. ताई आपल्या जागेवर होती. नवा चष्मा तिच्या हातात लोंबत होता आणि डोळे घट्ट मिटलेले.

"ताई! दिसली ना तुला?"

"कुठली दिसतेय? उघड्या डोळ्यांनी नुसतं गवत दिसलं. चिक्कार गवत. छान दिसतं हं, पण डिस्क नाही." ती डोळे न उघडताच हसली. "मग मिटले. सवयीनं."

भिंगवाले बाकावर बसले. हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी खिशातून कंपनीचा अर्ज काढला, जो पाठवायचा कधीचा राहिला होता. पकड, चांगली. वळण, डावीकडे. आवाज, नाही. सातवा प्रश्न होता, 'चाचणीच्या वेळी किती माणसं हजर होती?' त्यांनी 'दोन' लिहायला पेन टेकवलं, आणि ते पुढे जाईना.

"ताई, हजर माणसं किती लिहू?"

"थांब हं," ताई म्हणाली आणि मिटल्या डोळ्यांनी डावीकडे वळली. "विचारून सांगते."