दोन उत्तरांचा ताळा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आमच्या गणिताच्या बाईंचे आहेत. भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला वसलेल्या आमच्या नव्या गावात, पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या ज्युनिअर कॉलेजात त्या शिकवायच्या. पक्क्या इमारतीत शिरण्याआधी त्या भिंतीला तळहात लावून बघत. उत्तरांवरही त्यांचा तितकाच अविश्वास. "आलं म्हणजे बरोबरच आलं असं न्हाई. ताळा करा."

अकरावीनंतरच्या सुट्टीत त्यांनी मला आणि माझ्या मित्राला, शेजारच्या टेलरचाचांच्या मुलाला, इंटिग्रेशन शिकवलं. बेरीज असेल तर तोडून करता येते, गुणलेला आकडा बाहेर काढता येतो, पण दोन पदांचा गुणाकार तोडायचा नाही, त्यात एका पदाला टी मानून गणित सोपं करायचं. शेवटी अधिक सी. "डेरिव्हेटिव्ह काढताना सुटा आकडा मरून जातो. उलटं येताना तो कोणता होता हे कळायला मार्ग नसतो. म्हणून सी." उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढायचं आणि मूळ गणित परत येतं का बघायचं, हा त्यांचा ताळा.

पुढे त्यांची बदली भोकरला झाली. जाण्याआधी त्या लातूरच्या एका क्लासच्या सरांना भेटून आल्या आणि बाईंच्या शब्दावर आम्हा दोघांना वरच्या बॅचमध्ये जागा मिळाली.

लातुरात कोणीच कोणावर विश्वास ठेवत नव्हतं. मुलं हाताच्या आडोशाने लिहायची, कोणतं पुस्तक सोडवतोय ते सांगायची नाहीत. आम्हीही खोलीवरच्या स्लॅबवर विश्वास ठेवत नव्हतो, गच्चीवरच झोपायचो.

एका चाचणीत साइन एक्स गुणिले कॉस एक्सचं इंटिग्रेशन आलं. आम्ही दोघांनी बाईंच्या सवयीने कॉसला टी मानलं. उत्तर आलं उणे कॉस वर्ग भागिले दोन, अधिक सी. छापील उत्तर होतं साइन वर्ग भागिले दोन, अधिक सी. सरांनी पेपर तपासायला ठेवलेली मोठी पोरं छापील उत्तराशी जुळवून टिक करायची. त्यांनी दोघांनाही फुली मारली आणि दोन्ही पेपर सरांपुढे नेऊन ठेवले.

सरांनी भरवर्गात उभं केलं. "एकाच गावचे ना रं?"

"हाव सर."

"चूक बी गावाहून मिळून आणली का?"

मागून कोणीतरी म्हणालं, "एका ताटात जेवतेत सर, एकाच पेपरात बघतेत."

वर्ग हसला. कॉपी ठरली की क्लासमधून बाहेर, हा नियम होता. मला बाहेर पडण्यापेक्षा बाईंचा शब्द पडेल याची भीती वाटत होती.

मित्र माझ्याआधी बोलला. "सर, ताळा केलाय. खाली लिवलाय."

सरांनी पेपर परत पाहिला. फळ्यावर दोन्ही उत्तरांची वजाबाकी केली. साइन वर्ग अधिक कॉस वर्ग म्हणजे एक. फरक उरला नुसता अर्धा. तो सीमध्ये मावतो. "उत्तर बरोबर हाय," ते म्हणाले. पण नजर निवळली नाही. "दोघांचं सारखंच कसं?"

त्यांनी आम्हाला फळ्याच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून उभं केलं. गणित अगदी सोपं दिलं: एक्स अधिक एक. मित्राने बेरीज तोडली: एक्स वर्ग भागिले दोन, अधिक एक्स, अधिक सी. मी अख्खा कंस टी धरला: एक्स अधिक एकचा वर्ग भागिले दोन, अधिक सी.

"आता तर जुळंना!" मागून आवाज आला.

आम्ही न विचारताच खाली ताळा लिहिला. दोन्हीकडे एक्स अधिक एक परत आलं. फरक पुन्हा अर्ध्याचाच.

सरांनी दोन्ही ताळे ओळीने तपासले. "कोणी शिकवलं?"

आम्ही बाईंचं नाव सांगितलं.

"बसा," ते म्हणाले. आम्ही निघालो तसं पुन्हा म्हणाले, "पण एका बाकावर नका बसू."

त्या आठवड्यात मी भोकरच्या पत्त्यावर लिहिलं:

आदरणीय बाईंस नमस्कार. आम्ही दोघे क्लासमध्येच आहोत, मात्र वेगवेगळ्या बाकांवर. आमच्यावर संशय आला होता, तो तुमच्या ताळ्याने गेला. पूर्ण गेला की नाही सांगता येत नाही. सरांनी आता पेपर तपासणाऱ्या पोरांना छापील उत्तराआधी मुलाचा ताळा बघायला सांगितले आहे. पोरं कुरकुरतात. खोलीच्या भिंतींना मी चारी बाजूंनी हात लावून पाहिला. काल आत झोपलो. मित्र अजून गच्चीवरच झोपतो. त्याला तुम्हीच लिहा.