नाक धरायचा हात

"युनिव्हर्सिटीच्या आधी काय लावायचं? ए का ॲन?"

सरांनी फळ्यावर शब्द लिहिला आणि खडू पहिल्या बाकावर रोखला. पहिला बाक म्हणाला, ॲन. दुसरा बाक म्हणाला, ॲन. जिचं चुकेल तिनं उभं राहायचं. बघता बघता सगळा वर्ग उभा. शेवटी खडू माझ्यावर आला. माझा बाक भिंतीकडचा, सगळ्यात मागचा. त्यावर मी एकटी.

मी म्हणाले, "ए. अक्षर स्वराचं हाय, पण उच्चार यू असा सुरू होतो."

"बरोबर," सर म्हणाले.

आमच्या मुलींच्या शाळेत एक रिवाज होता. जिला उत्तर येईल तिनं चुकलेल्या पोरींच्या रांगेतून जायचं. डाव्या हातानं एकेकीचं नाक धरायचं आणि उजव्या हातानं गालावर एक द्यायची. पोरी हसत हसत मारायच्या आणि हसत हसत खायच्या. नववीच्या वर्गात माझ्यावर ही पाळी कधी आली नव्हती. त्या दिवशी आली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मारायचा नव्हे. आपणही या खेळात आहोत याचा.

मी पुढं गेले. पहिल्या बाकावर सुनंदा. वकिलांची मुलगी. मी हात पुढं केला. तिनं मान अशी झटक्यानं मागं घेतली, की डोकं मागं उभ्या असलेल्या पोरीवर आपटलं. किंचाळली, "सर, ही हात लावायला लागलीय!"

"थांब, थांब!" सर खुर्चीतून उठले. "तू नको. हात लावू नकोस कुणाला. जा, जाग्यावर जा."

माझा हात तसाच हवेत. चिमूट उघडी. तो हात खाली कसा घेतला, बाकापर्यंत कशी चालत गेले, काही आठवत नाही. सुनंदा नाक पुसत होती तेवढं आठवतं. नाकाला मी शिवलेही नव्हते.

मग सर वर्गाकडं वळले. "लाज वाटत नाही? चांभाराच्या पोरीला येतं आणि तुम्हाला येत नाही? उद्यापासून जिचं चुकेल तिला मार नाही. तिला हिच्या बाकावर नेऊन बसवीन."

थोबाडीत खायला कुणी भीत नव्हतं. माझ्या शेजारी बसायला सगळ्या भ्याल्या.

ज्या गावच्या राजानं आमच्या लोकांना बोटाला धरून शाळेत बसवलं, त्या कोल्हापुरात हे घडलं. कायद्यानं शिवाशिव मिटली होती. पुस्तकात तसा धडाही होता, आणि आम्हाला तो याच शाळेत शिकवत.

आमच्या गल्लीत शिरलं की आधी कातड्याचा वास यायचा. मग ठोकण्याचा आवाज. आबा दगडावर तळ कुटायचे. आई चामड्याच्या बारीक वाद्यांची वेणी घालायची, चपलेच्या पट्ट्यावर बसवायला. मी आईशेजारी बसून वाद्या सोलत व्याकरण पाठ करायची. पुस्तक जुन्या बाजारातलं. पहिली पानं गेलेली, त्यामुळं नाम म्हणजे काय ते मला फार उशिरा कळलं. बाकीचे नियम मात्र आबांच्या ठोक्यावर बसवले होते. कर्ता तृतीय पुरुषी एकवचनी असेल तर, ठक्, क्रियापदाला एस लागतो, ठक्.

आई एकदा म्हणाली, "काय गं पुटपुटतीस मंत्रावानी?"

"नियम हाईत."

"कशाचं?"

"इंग्रजीचं."

"आपल्याला काय नियम कमी हाईत व्हय, म्हणून आणि ह्ये घेऊन बसलीस?"

आई हसली. मीही हसले. पण मला ते नियम हवे होते. चपलांचं गाठोडं डोक्यावर घेऊन आबांच्या मागं चप्पल लाईनला जाताना वाटेत कॉलेजचं फाटक लागायचं. आतून पोरी यायच्या. छातीशी पुस्तकं धरलेल्या, कुणाला वाट न देता चालणाऱ्या. मला त्या फाटकातून आत जायचं होतं. दुसरं काही नको होतं. त्या काळात अकरावीला मॅट्रिक असायची, आणि इंग्रजी सोडूनही मॅट्रिक होता यायचं. पण इंग्रजी सोडलेल्या पोरीला कॉलेजात कोण उभं करणार? म्हणजे ते फाटक उघडायची किल्ली एकच, आणि ती सरांच्या तासाला मिळणार होती.

सर शब्दाचे पक्के निघाले. दुसऱ्या दिवसापासून शिक्षा सुरू. जिचं चुकेल ती माझ्या बाकावर. कुणी पुस्तक मध्ये उभं करायची. कुणी रुमाल पसरून त्यावर बसायची. सुनंदा आली ती बाकाच्या अगदी टोकाला, अर्धी हवेत, आणि पूर्ण तास हुंदके देत राहिली. मी आपली भिंतीला खेटून बसलेले. तिला जागा व्हावी म्हणून! आज ते आठवलं की माझा मलाच राग येतो. बाक माझा, आणि मीच अंग चोरून बसलेले.

चुकायच्या त्या. राग माझ्यावर. मला येतं म्हणून यांना शिक्षा, असा त्यांचा हिशेब. पाण्याच्या टाकीजवळ मला आधीही ओंजळच धरावी लागायची, आता वरून पाणी घालायलाही कुणी येईना.

मग एक दिवस वकीलसाहेब शाळेत आले. मुलीला घरी गेल्यावर आंघोळ करावी लागते, थंडीचे दिवस आहेत, पोर आजारी पडली, अशी तक्रार. शिक्षा बंद झाली. आणि सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. आवाज अगदी मऊ.

"हे बघ पोरी, तू हुशार आहेस. पण दर वेळी हात वर करायलाच पाहिजे असं आहे का? त्यांचा अपमान होतो. येत असलं तरी गप्प बसावं. मला माहीत आहे ना तुला येतं ते! मी आहे ना!"

शाळेत माझ्याशी इतकं मऊ कुणी बोललं नव्हतं. मी म्हणाले, "गप बसतो, सर." आमच्याकडं बाया-पोरीही आलो-गेलो असंच म्हणतात. सर त्यावर नेहमी हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. मला वाटलं, सर आपल्या बाजूचे आहेत.

गप्प बसले. उरलेली नववी, सगळी दहावी. प्रश्न यायचा, उत्तर घशापर्यंत यायचं, मी ते गिळायची. फळ्यावर कुणी चुकीचं वाक्य लिहिलं की बोटं शिवशिवायची. ती मांडीखाली दाबून बसायची. पेपरात मात्र सगळं लिहायची आणि मार्क पडायचे. ते मार्क सर वर्गात वाचून दाखवत नसत. तेही सगळ्यांच्या बऱ्यासाठीच असणार, असं मी धरून चालले होते.

अकरावीला बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ आली आणि शाळेनं आबांना बोलावणं धाडलं.

मुख्याध्यापिका बाईंची खोली. आबा चपला बाहेर काढून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. चपला स्वतःच्या हातच्या, खोलीतल्या सगळ्यांच्या चपलांपेक्षा देखण्या. मी आत. सर बाईंच्या शेजारी खुर्चीवर.

सर म्हणाले, "हिला इंग्रजी झेपायचं नाही. दोन वर्षं झाली, वर्गात एकदा तोंड उघडलेलं नाही. पेपरातले मार्क सगळे घोकंपट्टीचे. बोर्डात ते चालत नाही. इंग्रजी सोडून बसू दे. सुखानं पास होईल, शाळेचा निकालही राहील."

मी सरांकडं बघत राहिले. ते खिडकीबाहेर बघत होते.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. ज्यानं तोंड दाबलं तोच आता सांगत होता, हिला तोंडच नाही. 'मी आहे ना' म्हणणारा माणूस तो हाच. माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. रडू आलं नाही. मला वाटत होतं, हे सगळं माझ्या भल्यासाठी चाललंय. ते माझ्या भल्यासाठी कधीच नव्हतं. पहिल्या दिवसापासून नव्हतं.

उंबऱ्याबाहेरून आबा हात जोडून म्हणाले, "सर म्हणत्यात तसं करा. आमाला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाई," मी म्हणाले.

आबांचं बोलणं मी तोवर कधी मोडलं नव्हतं. त्या दिवशी मोडलं, तेही चार लोकांत.

"मी इंग्रजीला बसणार."

"नापास होशील," सर म्हणाले.

"हुईन. सुनंदा चाचणीत नापास झाली. तिचं इंग्रजी काढलासा व्हय?"

"तिची गोष्ट वेगळी आहे."

"तिला नापास व्हायला मोकळीक हाय. मला बी पायजे. आनि सर, मी दोन वर्सं गप का बसलो, ते तुमीच सांगा बाईस्नी."

बाईंनी समोरचा कागद उगाच सरळ केला. त्यांचा चेहरा बघून मला कळलं, बाईंना सगळं ठाऊक होतं. वर्गातला बाक, टाकीवरची ओंजळ, सगळं. शेवटी त्या म्हणाल्या, "बसू दे हिला. नापास झाली तर तिची ती जबाबदार." न्याय म्हणून नव्हे. पोरगी आणखी काही बोलेल, या भीतीनं.

आबा झपाझप घराकडं निघाले. मी मागून चालत होते. वाटलं, घरी गेल्यावर मार बसणार. आबा दगडापुढं बसले, तळ हातात घेतला आणि तो न ठोकताच म्हणाले, "माझ्या देखत बोललीस."

"व्हय."

"मला न्हाई जमलं. उभ्या जन्मात न्हाई जमलं." एवढं बोलून त्यांनी ठोकायला सुरुवात केली. मी पुस्तक उघडलं. त्या दिवसापासून नियम पुटपुटले नाहीत. मोठ्यानं म्हटले, गल्लीला ऐकू जातील असे.

मॅट्रिक झाले. इंग्रजीसकट. शाळेत इंग्रजीत मला सगळ्यात जास्त मार्क होते. सुनंदा नापास झाली, ऑक्टोबरला परत बसली, आणि पुढं कॉलेजातही आली. तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तिला कुणी इंग्रजी सोड म्हणालं नाही, एवढंच म्हणायचं आहे.

शाळेनं सत्कार ठेवला. पटांगणात मांडव, पाहुणे, हार. आबा-आई मागं, मांडवाच्या खांबापाशी उभे. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसले नाहीत. सर भाषणाला उठले. म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. मागासलेल्या समाजातलं हे रत्न मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. हिच्यासाठी मी वर्गाचा, पालकांचा रोष पत्करला." टाळ्या पडल्या. आयत्या बिळावर नागोबा! मी ऐकत होते. बोटं पुन्हा शिवशिवत होती, पण या खेपेला मी ती मांडीखाली दाबली नाहीत.

नारळ घ्यायला मला वर बोलावलं. बाई हळूच म्हणाल्या, "आधी सरांच्या पाया पड."

सर खुर्चीत बसले होते. त्यांनी दोन्ही पाय थोडे पुढं सरकवले. पायात नवी कोल्हापुरी. पट्ट्यावर बारीक वेणी घातलेली. आमच्याच गल्लीतल्या कुणातरी बाईनं घातलेली. चपलेला आमचे हात चालले होते. आता पायालाही चालणार होते. चालत नव्हते ते फक्त नाकाला.

मी वाकले नाही.

"पाया पड गं," बाई म्हणाल्या.

मी सरांच्या डोळ्यांत बघितलं. नववीतला तो दिवस त्यांना आठवत होता की नाही, मला माहीत नव्हतं. म्हणून आठवण करून दिली.

"नको, सर. माझा हात लागंल."

आवाज मोठा नव्हता. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेला असेल. सरांचे पाय खुर्चीखाली गेले. नारळ टेबलावरच राहिला. मी खाली उतरले, आई-आबांना घेतलं आणि मांडवातून बाहेर पडले. मागून कुणीतरी म्हणालं, "माजली." आबांनी ऐकलं. त्यांनी मान खाली घातली नाही.

पुढं कॉलेज झालं, नोकरी झाली. पाय पुढं करणारे जागोजाग भेटले. हापिसात भेटले, सभेत भेटले, लग्नाच्या मांडवात भेटले. कुणी साहेब, कुणी पुढारी, कुणी आमच्यातलेच वर चढलेले. सगळ्यांना तेच उत्तर दिलं. त्यानं नुकसान झालं. ते सोसलं, अजून सोसते आहे.

इंग्रजीच्या प्रत्येक नियमाला अपवाद असायचा. तो सर खाली वेगळा लिहून द्यायचे. माझा एकच नियम आहे आणि त्याच्याखाली मी काही लिहिलेलं नाही. ज्या हाताला तुमचं नाक चालत नाही, तो हात तुमच्या पायाला लागणार नाही.