आत्याचं जुनेर

“पोरगी निघाली विमानानं, आणि हिनं तिच्यासाठी काय शिवून ठेवलं? तर फडकं.” शेवंताकाकू हे बोलल्या तेव्हा मी पोलादपूरच्या घरात, स्वयंपाकघर आणि पडवी यांच्यामध्ये, चहाच्या कपांचा ट्रे घेऊन उभी होते. त्या दिवशी कुसुम आत्या गेल्यावरचं पुण्यानुमोदन होतं. बुद्धवंदना नुकतीच संपली होती. पांढऱ्या कपड्यांतली माणसं पडवीत बसली होती आणि आत बायका डोळे पुसता पुसता हसत होत्या. काकू आत्याच्या शेजारीण. दोघींचं रोज भांडण आणि रोज चहा. त्यामुळे त्या बोलण्यात टोमण्यापेक्षा माया जास्त होती. पण पडवीत बसलेल्या माझ्या वडिलांनी मान वर केली, ते मी पाहिलं. ‘फडकं’ हा शब्द त्यांना लागला होता. मी कप वाटत राहिले. मी सहसा बोलत नाही.

कुसुम आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. आरोग्यसेविका म्हणून तिने पोलादपूरच्या आसपासची गावं पायी पालथी घातली, निवृत्त झाली, आणि पायमशीन घेऊन पडवीत बसली. मला शिकायला कॅनडाला जायचं होतं, त्याच्या थोडे दिवस आधी ती झोपेतच गेली. सकाळी काकू नेहमीसारख्या साखर मागायला गेल्या आणि त्यांनीच महाडला आम्हाला फोन केला. पप्पांनी फोन कानाला धरला, ‘हो’ म्हणाले, आणि स्कूटरची चावी घेतली.

काकू ज्याला फडकं म्हणाल्या, त्याला आत्याचा शब्द होता जुनेर. वापरून वापरून मऊ झालेली सुती साडी. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. हा शब्द मला कुठल्या धड्यात भेटलाच नव्हता. तो भेटला महाडमध्ये महापूर आला त्या वर्षी. आमच्या तळमजल्यावरच्या घरातली कपाटं सावित्री नदीच्या चिखलाने भरली होती, अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरलं नव्हतं. आत्याचा फोन आला, आई म्हणाली, “जुनेर घेऊन येताहेत ताई.” मी विचारलं, “आत्या जुन्नरहून का येतेय?” आई चिखल उपसता उपसता थांबली, पप्पांकडे बघितलं, आणि दोघं हसायला लागले. पूर ओसरल्यापासून घरात कुणी हसलं नव्हतं. रस्ता मोकळा झाल्यावर आत्या गाठोडं घेऊन आली आणि तिला हे कळलं. तेव्हापासून मी तिची ‘जुन्नरकरीण’ झाले. फोनवर पहिला प्रश्न असायचा, “काय गो जुन्नरकरीण, जेवलीस का?” मी ‘हो’ एवढंच म्हणायचे, आणि तिला ते पुरायचं.

त्याच दिवसांत मदतीच्या गाड्यांतून कपड्यांचे ढीग येत होते. लोकांनी चांगल्या मनाने पाठवलेले, पण वापरलेले. पप्पांनी एकालाही हात लावला नाही. आमच्या घरात जुन्या कपड्यांना एक इतिहास आहे. आजोबा लहान असताना गावात त्यांच्या अंगावर जे यायचं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावरून उतरलेलं असायचं. नंतर आमच्या माणसांनी ठरवलं, की स्वच्छ आणि स्वतःचं घालायचं. पप्पा शाळेत शिकवतात. भाजी आणायलासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून जातात. लहानपणी मला तो नुसता नीटनेटकेपणा वाटायचा. आत्याने आणलेल्या गाठोड्यातली तिची निळी साडी आईने नेसली, तेव्हा मात्र पप्पांनी हरकत घेतली नाही.

म्हणून माझ्या विमानप्रवासासाठी पप्पांनी आधी काय आणलं असेल, तर ब्लेझर. त्याच्याबरोबर कडक जीन्स आणि नवे बूट. “आपल्या घरातलं पहिलं माणूस विमानात बसतंय,” ते म्हणाले. मी ते सगळं घालून आत्याला दाखवायला पोलादपूरला गेले. तिने बाहीचं कापड दोन बोटांत चोळून पाहिलं. छान आहे म्हणाली. मग पडवीत तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकमेकींना चिकटवून मांडल्या, मला मधल्या खुर्चीत बसवलं, एका बाजूला स्वतः बसली आणि कुंपणावरून काकूंना हाक मारून दुसऱ्या बाजूला बसवलं.

“हे काय नवीन?” काकू म्हणाल्या.

“विमान हाय. गप बस. खिडकी तुझी.”

“मग मला ढग दिसूदेत की. इथून तुझी मोरी दिसतेय.”

आत्या कधी विमानात बसली नव्हती, पण बाळंतिणीला घेऊन खचाखच भरलेल्या जीपमधून तिने कितीतरी वेळा घाट उतरला होता. अवघडून बसणं तिला नवं नव्हतं. ती मला सांगत राहिली: आता जेव, कोपरं आत घेऊन. आता झोप. आता काकूला न उठवता बाथरूमला जा. काकू मुद्दाम घोरत होत्या. दुपार अशीच गेली. जीन्सचं बटण पोटात रुतत होतं, ब्लेझर खांद्यात आवळत होता, आणि मी म्हणत होते, “ठीक आहे, आत्या.” शेवटी तिने मला उठवलं, शर्ट जरा वर करून पाहिलं. “ठीक हाय म्हणे. पोटावर वळ उठलाय, तो काय खोटं बोलतो?”

संध्याकाळी पप्पा मला न्यायला आले, तेव्हा घर सावरल्यावर आईने परत केलेली ती निळी साडी तिने मशीनवर काढून ठेवली होती. म्हणाली, हिला याचा कुर्ता आणि सैल पायजमा शिवते. पप्पांचा चेहरा उतरला. “ताई, आपल्या घरातलं कुणी जुनं घालून परदेशी जाणार नाही.” आत्याने आवाज चढवला नाही. “अनंता, नवीन बाळाला कशात गुंडाळतात? जुनेरातच ना? नव्या जागी अंग बावरलेलं असतं. कापड तरी ओळखीचं असावं.”

“लोक काय म्हणतील...”

“दुसऱ्यानं उतरवून दिलेलं, ते उतरलेलं. आपण झिजवलेलं, ते जुनेर. एवढा फरक तुला कळत नाय?”

पप्पा उठून बाहेर गेले आणि स्कूटर सुरू करून उभे राहिले. मी मागे बसले. महाडचा रस्ता लागला. मला सांगायचं होतं, की मला तेच घालायचं आहे. पण ज्या माणसाने माझ्यासाठी इतक्या हौसेने ब्लेझर आणलाय, त्याच्या पाठीकडे बघून ते कसं सांगायचं, हे मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं. त्या दोघा भावंडांचा तो विषय तिथेच राहिला. आत्या गेली. पुण्यानुमोदनानंतर काकूंनी घडी केलेले कपडे माझ्या हातात दिले. पदराकडचं धड कापड निवडून शिवलेला कुर्ता, आतल्या बाजूला पासपोर्टसाठी चेन लावलेला खिसा. मी ते बॅगेत तळाशी ठेवले.

आता हे लिहिते आहे तिथे खिडकीबाहेर बर्फाने सगळं पांढरं आहे आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर तो कुर्ता आहे. खोलीत आले की मी आधी तो घालते. विमानात माझ्या एका बाजूचे गृहस्थ खरोखर घोरत होते. त्यांना न उठवता बाहेर कसं पडायचं, हे मला आधीपासून माहीत होतं. पोटावर वळ उठला नाही. ढग दिसले, तेव्हा काकूंची आठवण झाली. आत्याने मला जे जे दिलं त्याबद्दल मी तिला कधी काही म्हटल्याचं आठवत नाही. तिने तशी वाटही पाहिली नसेल. पण एकदा बोलले. तिच्यासमोर नाही, पप्पांसमोर.

निघायच्या दिवशी वीर स्टेशनला जायला रिक्षा दारात उभी होती. मामा, मामी, शेजारी, सगळे फोटोसाठी थांबले होते. पप्पांनी ब्लेझरला पुन्हा इस्त्री करून तो दाराच्या खिळ्याला टांगला होता. मी आतल्या खोलीतून निळा कुर्ता घालून बाहेर आले. “अगं, अजून घरातल्याच कपड्यांत?” मामी म्हणाली. “गाडी सुटेल, बदल लवकर.”  पप्पा कुर्त्याच्या बाहीकडे बघत राहिले. ती साडी त्यांनी ओळखली होती. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि अशा वेळी मी नेहमी मान खाली घालते... त्या दिवशी घातली नाही.

“हे उतरलेलं नाही, पप्पा,” मी म्हणाले. “आपलं जुनेर आहे.”