मामांची मोटार आणि मुखपृष्ठ फाडलेली मासिकं

झाशी स्टेशनवरच्या बुक स्टॉलचा एक रिवाज होता. न खपलेल्या मासिकांची फक्त मुखपृष्ठं फाडून प्रकाशकाकडे परत पाठवायची. बाकीचा अंक रद्दीत. माझे वडील इंजिन ड्रायव्हर, आणि स्टॉलवाल्याशी त्यांची चहाची दोस्ती. त्यामुळे रद्दीतली मोटारींची इंग्रजी मासिकं थेट आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये येत. अंक कुठल्या महिन्याचा, मुखपृष्ठावर कुठली गाडी मिरवत होती, काही कळायचं नाही. मिरवण्याचा भाग आधीच फाडलेला असायचा. उरायचा तो मजकूर, आणि तो मी शब्दकोश घेऊन शेवटच्या पानापर्यंत वाचायचो.

त्यातल्या एका लेखकाचा मी भक्त होतो. नव्या गाडीच्या समारंभाला गेला की तो आधी अध्यक्षांच्या गळ्यातल्या हाराबद्दल लिहायचा, मग गार झालेल्या चहाबद्दल, आणि मग गाडीकडे वळायचा. पण एकदा वळला की सोडायचा नाही. दार लावल्यावर आवाज कसा येतो, मागच्या सीटवरून म्हाताऱ्या माणसाला उतरता येतं का, चढावर इंजिन कुरकुरतं का. त्याच्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून मी मान डोलवायला शिकलो. आमच्या घरी सायकल होती.

बाबांना हे सगळं चमत्कारिक वाटे. "खाली रूळ नाहीत, पुढे सिग्नल नाही, आणि लोक आत बसतात कसे?" असं ते विचारत. आई एवढंच म्हणे, "ती रद्दी पलंगाखालून काढ, झुरळं होतात."

आई मूळची झाशीचीच. तिचं माहेर पेशवाईत इकडे आलेल्यांपैकी, आणि ही गोष्ट तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मामा, कुणाला विसरू देत नसत. एके काळी घराण्याचा हत्ती होता असं ते सांगत. हत्ती कुणी पाहिलेला नव्हता. हत्तीनंतर घराण्यात एकदम सायकलच आली, मधलं काही नाही. म्हणून मामांनी झाशीजवळच्या चिरगावच्या एका डॉक्टरांची जुनी मोटार घ्यायचं ठरवलं, तेव्हा ती नुसती खरेदी नव्हती, पुनःस्थापना होती.

"भाचेराव, तुम्ही चला परीक्षा घ्यायला," मामा म्हणाले. "इतकी वर्षं वाचताय, कामाला येऊ द्या. दाजी, तुम्हीही चला. तुम्ही तर इंजिनातले."

मी नुकताच इलाइट चौराह्याजवळच्या मोटार ड्रायव्हिंगच्या शाळेत गाडी शिकलो होतो. चिरगावला माझ्या लेखकाच्या पद्धतीने सगळं तपासलं. दाराचा आवाज ऐकला. मामांना मागून दोनदा उतरवलं. कानपूर रोडवर गाडी पळवली, वळणावर झुकते का पाहिलं, डॉक्टरांच्या घरापुढच्या मोकळ्या मैदानात गोल फिरवून आणली. मी पसंती दिली. बाबांनीही इंजिनाला कान लावून मान हलवली. गाडी मागे जाते का, हे कुणीच पाहिलं नाही. मासिकातल्या गाड्या नेहमी पुढेच जात. आणि बाबांच्या नोकरीत जे पुढे जातं ते मागेही जातंच, त्यात विचारण्यासारखं काही नसतं.

मामांचं घर बंद गल्लीत. गाडी आत नेली, पूजा झाली, नारळ फुटला, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. आता मामा-मामींना देवदर्शनाला न्यायचं होतं. सगळी गल्ली ओट्यांवर उभी. पुढे शेजाऱ्यांची म्हैस बांधलेली आणि तिच्या मागे भिंत.

मी रिव्हर्स टाकला. गाडी हातभर पुढे गेली.

पुन्हा टाकला. पुन्हा पुढे. गिअरच्या मुठीवरची, कुठला गिअर कुठे ते दाखवणारी आकृती डॉक्टरांच्या हाताने पार पुसून गेली होती. तिसऱ्या खेपेला म्हैस उठून उभी राहिली.

"भैया, भैंस को दर्शन कराओगे क्या?" ओट्यावरून कुणीतरी विचारलं.

"धक्का लगा दें, मामाजी?" दुसरा म्हणाला.

मामा मागच्या सीटवर ताठ बसून होते. त्यांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळत होतं. "डॉक्टरने फसवलं," ते हळूच म्हणाले. "दाजी, बिना रिव्हर्सची गाडी माझ्या गळ्यात घातली. उद्या सगळं शहर हसेल."

"तुमचा हत्ती तरी मागे जायचा का?" बाबांनी खिडकीतून विचारलं.

आई दारात हातात आरतीचं ताट घेऊन उभी होती. पलंगाखालच्या रद्दीचं काय होणार, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मामांची लाज तर होतीच. पण इतक्या वर्षांचं माझं वाचन सगळ्या गल्लीसमोर फुकट ठरत होतं.

आणि तेव्हा आठवलं. माझ्या लेखकाने एका गाडीबद्दल लिहिताना गंमत केली होती की, बनवणाऱ्यांना माघार घेणं कमीपणाचं वाटतं, म्हणून मागे जायचं तर आधी गिअरची दांडी खाली दाबून मुजरा करावा लागतो. मी ते त्याच्या नेहमीच्या थट्टेत जमा केलं होतं. मुजरा वाचून हसलो होतो, दांडी विसरलो होतो.

मी मूठ खाली दाबली. खट्. डावीकडे, पुढे. क्लच सोडला आणि गाडी मागे सरकली, अगदी मवाळपणे. म्हैस खाली बसली.

मामींनी मोठा श्वास सोडला. मामांनी रुमालाने गंध सावरलं आणि ते गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खानदानी गाडी आहे. कुणाच्याही हाताने मागे येत नाही." मला मात्र त्यांनी पाठीमागून खांद्यावर थोपटलं, जरा जोरातच, आणि हात बराच वेळ तिथेच राहू दिला.

दर्शन झालं. गाडी मामांकडे पुढे पुष्कळ वर्षं राहिली. मुजऱ्याची पद्धत गल्लीतल्या सगळ्यांना माहीत झाली, त्यामुळे ती ढकलायला कधी कुणी लागलं नाही. आईने पलंगाखालची रद्दी काढली खरी, पण कपाटातला खालचा खण रिकामा करून तिथे नीट रचली, मध्ये कडुनिंबाचा पाला घालून.

पुढच्या खेपेला ड्यूटीवरून येताना बाबांनी मुखपृष्ठ फाडलेला एक अंक आणला आणि माझ्यापुढे टाकला.

"बघ," ते बूट काढता काढता म्हणाले, "यातली मागे कशी जाते ते आधी वाच."

अजूनही मी तेच आधी वाचतो.