सुमनची पांढरी पाटली

चहा आला की आमचे हे शेजारी तो आधी पीत नसत. कपावरच्या वाफेतून तळहात आडवा नेत आणि म्हणत, "असं जायचं आमचं विमान. धूर लांबून कळत नाय, धुरात शिरायला लागतं." तोवर चहा निवून जाई.

नव्वद सालानंतरची गोष्ट. हे गृहस्थ एका संशोधन संस्थेत होते. परदेशी पथकाबरोबर ज्वालामुखीच्या धुरात विमानातून शिरून आले होते, आणि सुट्टीला रोह्याला आले की अख्ख्या आळीला ते ऐकावं लागे. गंधकाचे वायू एक यंत्र मोजी. पारा पकडायला मात्र काचेच्या नळीत सोनं भरलेलं असे. "पारा सोन्याला चिकटल्याशिवाय राहात नाय," हे तर आळीतल्या पोरांनाही पाठ झालं होतं. असे बढाईखोर तुम्हीही पाहिले असतील. पण हे खोटं बोलत नसत.

त्यांची धाकटी बहीण सुमन शेजारीच राही. तिचा नवरा केमिकल कंपनीत, पाऱ्याच्या खात्यात शिफ्टला होता. त्याचे हात थरथरू लागले. कंपनीच्या डॉक्टरचं निदान काय, तर दारू! सुपारीच्या खांडालाही न शिवणारा माणूस. त्याची नोकरी जाणार हे दिसतच होतं.

त्या सुट्टीत सुमन चहा घेऊन आली आणि गृहस्थांचा तळहात वाफेवरच थांबला. तिच्या हातातली सोन्याची पाटली अर्धी पांढरी पडली होती.

"सुमे, पाव्हण्यांचे कंपनीतले कपडे तूच धुतेस?"

"मग काय, तू येनार धुवायला?"

ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुमन, ते आणि मी असे तिघं कंपनीत गेलो, पाव्हण्यांचे हात दारूने नाही, पाऱ्याने थरथरतात हे सांगायला. तिथल्या साहेबांनी पाटली निरखली. म्हणाले, "आमच्याकडून पारा बाहेर जातच नाही. पण ताई, द्या इकडे. कंपनीच्या खर्चाने उजळून देतो."

आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. माणसाचे हात कामातून गेले, वर दारुड्याचा शिक्का, आणि हे पाटली उजळून देणार!

"उजळायची नाय!" गृहस्थ कडाडले. "तापवली तर पारा सोनाराच्या छातीत जाईल. आगीच्या डोंगराचा धूर मोजायला आम्हाला विमान मिळालं. तुमच्या चिमणीला एक शिडी तरी लावू द्या!"

शिडी कुणी लावू दिली नाही. पाव्हण्यांची नोकरी गेली. पाटली काचेच्या बरणीत घालून गृहस्थांनी झाकण घट्ट लावलं आणि पुढची प्रत्येक सुट्टी पेण-अलिबागच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवण्यात घालवली. सगळीकडे एकच उत्तर, "बघू." बघितलं कुणीच नाही. मग एका सुट्टीला ते आले नाहीत, ते गेल्याचा फोन आला.

तेराव्याला एक नातेवाईक बाई फळीवरच्या बरणीकडे बघून म्हणाली, "आता तरी उजळून घे गो ती. सोनं हाय ना?"

सुमन नवऱ्याच्या तोंडाला चहाची बशी लावत होती. "नाय," ती म्हणाली. "कुनी मोजायला आलं तर?"

अजून कोणी आलेलं नाही.